लीलाबाईंची अट

१९९० च्या सुमारास आमच्या बिलोलीत गणेशोत्सवाच्या मांडवात रंगीत दूरचित्रवाणी संच आणि व्हिडिओ भाड्याने आणण्याची पद्धत होती. आरती आटोपली की पोती आणि सतरंज्या अंथरून अर्धे गाव त्या संचासमोर बसे. आमचे गाव सीमेवरचे. मराठीच्या बरोबरीने तेलुगू आणि दखनी उर्दू येथे सहज कानावर पडते. अशा मिश्र जमावात, दहा वर्षांचा असताना, प्रस्तुत लेखकाने ‘अशी ही बनवाबनवी’ प्रथम पाहिला. माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध बाईंना मराठी जेमतेम समजत होते. तरीही लक्ष्मीकांत बेर्डे साडी सावरीत पडद्यावर आले की त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. त्यांना त्यात नेमके काय दिसले असेल, हे मला पुढे अर्थशास्त्र शिकवू लागल्यानंतर थोडेफार उमगले.

चित्रपट २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शन सचिन पिळगांवकरांचे, लेखन वसंत सबनीसांचे, निर्मिती व्ही. शांताराम प्रॉडक्शन्सची. कथानक कोणा मराठी वाचकास सांगावे अशी वेळ बहुधा येणार नाही, तरी मुद्द्यासाठी त्याचा सांगाडा मांडतो. पुण्यात नोकरी करणारा धनंजय माने भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्याकडे धाकटा भाऊ शंतनू आणि सुधीर व परशुराम हे दोघे दोस्त येऊन पडतात. घरमालक सरपोतदारांची खोली सुटते. चौघे नवी जागा शोधू लागतात, तेव्हा लीलाबाई काळभोर या बाईंच्या घरात खोल्या मिळण्याजोग्या असतात; पण बाईंची अट अशी, की जागा द्यायची ती विवाहित जोडप्यांनाच. मग परशुराम धनंजयची पार्वती होतो, सुधीर शंतनूची सुधा होतो, आणि चार अविवाहित तरुणांचे दोन संसार लीलाबाईंच्या घरात थाटले जातात. पुढे प्रेमप्रकरणे, पार्वतीचे ‘डोहाळे’, बिंग फुटणे आणि जोड्या जुळणे, हे सर्व यथासांग होते.

या चित्रपटाविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक संवादांविषयी. मधुमेहाच्या औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांचा प्रसंग तर लग्नसराईतल्या पंगतीतही कोणी ना कोणी साभिनय सादर करतो. दुसरी चर्चा होते ती पुरुषांनी साडी नेसण्याची. ती आपल्याकडे नवी नव्हेच. बालगंधर्वांच्या रूपाने महाराष्ट्राने एका पुरुषास स्त्रीसौंदर्याचा मानदंड मानले. अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’त विजय चव्हाणांनी १९८५ नंतर जी मावशी रंगविली ती त्याच काळात रंगभूमी गाजवीत होती. तेव्हा साडीतला पुरुष हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य म्हणता येत नाही. वैशिष्ट्य आहे ते साडी नेसण्यामागच्या कारणात. बिली वाइल्डर या दिग्दर्शकाच्या १९५९ च्या ‘सम लाइक इट हॉट’ या अमेरिकी चित्रपटात दोन वादक स्त्रीवेष घेतात, कारण त्यांच्या मागे गुंड लागलेले असतात. तेथे प्रश्न जिवाचा आहे. आपल्या धनंजय मान्याच्या मागे कोणी पिस्तूल घेऊन लागलेले नाही. त्याला फक्त पुण्यात राहावयास जागा हवी आहे.

हीच कथा किती भाषांतून फिरली हे पाहण्याजोगे आहे. मूळ कथा शैलेश दे यांची, बंगाली. हृषीकेश मुखर्जींनी १९६६ मध्ये तिच्यावरून ‘बीवी और मकान’ हा हिंदी चित्रपट केला. नावातच बायको आणि घर यांची सांगड आहे. त्यावरून मराठी झाला, मराठीवरून तेलुगूत ‘चित्रम् भळारे विचित्रम्’ झाला, पुढे कन्नडातही झाला. आमच्या भागातील तेलुगू प्रेक्षकांना तो तेलुगू अवतार आपला वाटतो आणि मराठी प्रेक्षकांना मराठी. कलकत्ता, मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगलोर. ज्या ज्या शहरात बाहेरगावचा तरुण नोकरीस किंवा शिक्षणास गेला आणि दारावर ‘फक्त फॅमिलीसाठी’ ही पाटी वाचून परतला, त्या त्या शहराच्या भाषेस ही कथा आपली वाटली. मांडवातल्या त्या वृद्ध बाईंचा मुलगा हैदराबादेत राहत असे, ही गोष्ट मला नंतर कळली.

आता लीलाबाईंच्या अटीकडे वळतो. ही अट आली कोठून?

अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात याचे एक उत्तर तयार असते. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत भाडी गोठविण्यात आली. मुंबई प्रांतात १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे असेल ते प्रमाण भाडे ठरले. कायद्याचा हेतू चांगला होता. युद्धानंतरच्या काळात कूळ रस्त्यावर येऊ नये, हा तो हेतू. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा अर्धशतक टिकला. दरम्यान ज्वारी चढली, कापड चढले, घरदुरुस्तीच्या चुन्यासिमेंटचे भाव चढले. खोलीचे भाडे मात्र जेथल्या तेथे राहिले. मालकाने दुरुस्ती करणे सोडले, वाडे खचले, आणि पागडी नावाचे काळे भाडे जन्मास आले. ज्यांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची पळवाट काढली होती त्यांनाही १९७३ च्या दुरुस्तीने धडा मिळाला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्याने राहत होते ते कायद्याने कुळे झाले. त्यानंतर पुण्यामुंबईच्या कोणत्याही मालकाने अनोळखी माणसाच्या हाती किल्ली देताना दहा वेळा विचार केला असेल तर त्यास मी लोभी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर १९९७ मध्ये भाडी अशी गोठवून ठेवणे अवाजवी ठरविले.

आमच्या मराठवाड्यात हा मुंबईचा कायदा नव्हता. आम्ही निजामाच्या राज्यातून आलेले. आम्हांस हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता, आणि विदर्भास आणखी तिसरा. एकाच राज्यातील घरमालक तीन कायद्यांखाली नांदत होते. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला तेव्हा कोठे हे तिन्ही संपले.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९६१ मध्ये देशातील शहरी कुटुंबांपैकी सुमारे ५४ टक्के भाड्याच्या घरांत राहत. २०११ पर्यंत हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास उतरले. त्याच २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. माणसे घर शोधीत आहेत आणि घरे कुलपात आहेत, असा हा देखावा आहे.

येथपर्यंत पाठ्यपुस्तक ठीक चालते. परंतु वर्गात हे शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला आणि मी अडलो. तो म्हणाला, “सर, मालकाला भीती भाडेकरू कायमचा चिकटण्याची असेल, तर त्याने सड्या पोरांनाच खोली द्यायला पाहिजे. पोरं शिक्षण झालं की जातात. चिकटतं ते कुटुंब.” प्रश्न बिनतोड होता. बायकामुलांसह राहणाऱ्यास घराबाहेर काढणे कोर्टातही जड आणि गल्लीतही जड. केवळ ताब्याच्या भीतीने लीलाबाईंची अट समजत नाही. उलट त्या भीतीने त्यांनी पार्वती-सुधांना टाळावयास हवे होते.

या कोड्याची उकल गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलेल्या विचारात सापडते. बेकरचे म्हणणे थोडक्यात असे, की भेदभाव हीदेखील एक आवड आहे आणि आवडीची किंमत मोजावी लागते. बाजार मोकळा असेल तर ज्याला अमुक प्रकारचा भाडेकरू नको असतो त्याला जास्त भाडे देणारा माणूस परत पाठवावा लागतो. तेवढे नुकसान त्याच्या खिशातून जाते. पण भाडे कायद्याने बांधलेले आणि दारात रांग लागलेली असेल तर आवड फुकट पडते. एकास नाकारले तर दुसरा त्याच भाड्यास उभाच आहे. मग मालक पैशात जे घेऊ शकत नाही ते अटींत घेतो. ब्रह्मचारी नको, मांसाहारी नको, रात्री नऊनंतर पाणी नाही, पाहुणे नकोत. टंचाईने मालकाच्या हाती किमतीऐवजी निवड दिली, आणि त्या निवडीतून आला तो ‘फॅमिली’ हा शब्द. तो मराठीत इतका मुरला आहे की त्याला प्रतिशब्द शोधण्याची गरज कोणास भासली नाही.

येथे गंमत अशी, की सरकारच्या दृष्टीने हे चौघे तरुण साडी नेसण्यापूर्वीच एक कुटुंब होते. भारताच्या जनगणनेत कुटुंबाची व्याख्या रक्ताच्या नात्यावर किंवा विवाहावर बेतलेली नाही. जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एका चुलीवरचे जेवतात ती जनगणनेच्या लेखी एक कुटुंब. नात्याची असोत वा नसोत. गणक दारात आला असता तर सरपोतदारांच्या खोलीतील धनंजय, शंतनू, सुधीर आणि परशुराम यांची नोंद त्याने एकाच कुटुंबक्रमांकाखाली केली असती. घरातील माणसे ज्यास प्रमुख मानतात तो कुटुंबप्रमुख. जो स्वयंपाकाला उभा राहतो त्याचा लिंगविचार जनगणना त्यासाठी करीत नाही. व्यवहारातही पाहावे, तर चौघांत जो पैसा येतो तो सामायिक, जे दुखणे येते ते सामायिक, आणि एकाला घराबाहेर काढले तर चौघे बाहेर पडतात. कित्येक सख्ख्या भावांच्या संसारांत एवढी एकी आढळत नाही. लीलाबाई जे मागत होत्या ते त्यांच्या दारात आधीच उभे होते. त्यांना मात्र ते मंगळसूत्रावाचून ओळखता येत नव्हते. सबनीसांनी हा मुद्दा मनात धरून लिहिले असेल असे मला वाटत नाही. विनोदी लेखकाच्या हातून असे मुद्दे न बोलता पडून जातात, आणि तेच बरे.

चित्रपटाने एक प्रश्न मात्र विचारलेलाच नाही, आणि चाळीस वर्षे होत आली तरी तो आपणही त्यास विचारलेला नाही. लीलाबाई बायको विचारतात. आडनाव खटकत नाही. माने हे आडनाव दारात अडत नाही.

प्रस्तुत लेखक एम.ए. साठी औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास गेला तेव्हा खोली शोधताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा क्रम त्याला पाठ झाला होता. गाव कोणते? बिलोली. म्हणजे कोठे? नांदेड. मग थोडी शांतता, आणि मग आडनाव. माझे आडनाव त्या परीक्षेत उत्तीर्ण होणारे होते, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझ्याबरोबर गावचाच एक मित्र होता. त्याचे गुण माझ्याहून चांगले, वागणे माझ्याहून शांत. तिसऱ्या घरानंतर त्याने मला सांगितले, “तू पुढे जाऊन बोल, मी कोपऱ्यावर थांबतो.” मी पुढे गेलो, बोललो, खोली मिळाली. तो नंतर माझ्याकडे ‘पाहुणा’ म्हणून दोन वर्षे राहिला. मालकाला ते कळले होते की नाही हे मला आजही ठाऊक नाही. पाहुण्याचे वेगळे पैसे मात्र ते महिन्याच्या महिन्याला घेत.

ही झाली पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वाटले होते, काळ बदलेल. भाड्याचा बाजार आता कायद्याने पुष्कळसा मोकळा झाला आहे. २००० नंतर लिव्ह अँड लायसन्सच्या करारास नोंदणी आहे, मुदत संपल्यावर जागा परत मिळविण्याची सुटसुटीत वाट आहे, भाडे ठरविण्यास मुभा आहे. अकरा महिन्यांचा करार कशासाठी असतो हे आता करार करणारासही नीट सांगता येत नाही, कारण नोंदणी सर्वच करारांना लागते. सवय तेवढी राहिली. बेकरच्या हिशेबाने या मोकळ्या बाजारात आवडीची किंमत वाढून अटी विरघळावयास हव्या होत्या. त्या विरघळल्या नाहीत. एक तर पुण्यासारख्या शहरात मागणीच इतकी आहे की रांग संपतच नाही. दुसरे असे, की सर्वच मालकांची आवड एकच असेल तर ती आवड राहत नाही, सोसायटीचा नियम होते. आणि नियम मोडून खोली देणारा मालकच मग शेजाऱ्यांत अडचणीत येतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरातील भाड्याच्या घरांचा केलेला अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. तीच घरे, तीच चौकशी, फक्त विचारणाराचे नाव वेगळे. उच्चवर्णीय नावास होकार, दलित नावास बऱ्याचदा नकार, मुस्लिम नावास त्याहून अधिक नकार. पैसे देण्याची तयारी सर्वांची सारखी होती.

माझी एक विद्यार्थिनी बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातून पुण्यास स्पर्धा परीक्षांच्या तयारीस गेली. आमच्याकडची मुले बारावीपूर्वी लातूर-नांदेडला आणि पदवीनंतर पुण्यातल्या पेठांत, हा आता रिवाजच झाला आहे. ‘कॉट बेसिस’ नावाची एक मापनपद्धती तेथे चालते. खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. या मुलीस तिच्यासारख्याच तीन मुली भेटल्या. चौघींनी मिळून एक छोटी सदनिका पाहिली. मालकीणबाईंना मुली चालणार होत्या, पण ‘चांगल्या घरच्या’ आणि शक्यतो नात्यातल्या. चौघी मावसबहिणी झाल्या. चार गावांच्या, चार जातींच्या. आडनावे वेगळी का, तर आया बहिणी. युक्ती चोख होती. आठ महिने बरे गेले. एका चुलीवर भाकरी, एका वहीत हिशेब, एकीला ताप आला तर तिघी जागत. मग एके दिवशी शिष्यवृत्तीचा कागद जिन्याखालच्या पेटीत पडला आणि मालकीणबाईंनी तो उघडून वाचला. दुसऱ्या आठवड्यात घराची डागडुजी निघाली. डागडुजी फक्त एकीच्या खाटेपुरती होती. बाकीच्या तिघींना राहावयास हरकत नव्हती. त्या तिघीही निघाल्या, हे मुद्दाम नोंदवितो.

सुट्टीत गावी आली तेव्हा तिने हे सारे हसत हसत सांगितले. मी मूर्खासारखा म्हणालो, “म्हणजे तुमची बनवाबनवीच झाली की.” ती म्हणाली, “हो सर. पण सिनेमात शेवटी सगळं कळल्यावर त्यांना घराबाहेर काढत नाहीत.”

घर माझे आहे, मी कोणास द्यावे हा माझा प्रश्न, असे म्हणणारे वाचक असतील. या म्हणण्यास मी तुच्छ लेखत नाही. स्वतःच्या राहत्या घराची एक खोली देणारी वृद्ध विधवा आणि गुंतवणूक म्हणून चार सदनिका घेऊन त्या भाड्याने देणारा मालक यांत फरक केला पाहिजे. इंग्लंडमध्ये एके काळी घरमालकिणी खिडकीत पाटी लावून आयरिश आणि काळ्या भाडेकरूंना परत पाठवीत. तेथे १९६८ च्या वंशसंबंध कायद्याने घरांच्या व्यवहारातील हा भेद बेकायदा ठरविला. त्याच वर्षी अमेरिकेत घरांविषयीचा समन्यायी कायदा आला, आणि त्यात मालक स्वतः राहत असलेल्या चार बिऱ्हाडांपर्यंतच्या लहान घरास सवलत ठेवली गेली. म्हणजे लीलाबाईंना वगळून बाकीच्यांस बांधता येते. आपल्याकडे केंद्र शासनाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, तंट्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणे असावीत, असे पुष्कळ चांगले त्यात आहे. जात किंवा धर्म पाहून घर नाकारणाऱ्याविषयी मात्र त्यात कलम नाही. मालकाचे भय दूर करण्यासाठी इतका विचार झाला, तर भाडेकरूच्या अपमानासाठी एक कलम जड नव्हते.

पण कायद्यावर भिस्त ठेवून आमच्या तालुक्यातील मुलांनी थांबावे असे मी म्हणणार नाही. नकार देणारा कारण सांगत नाही. तो डागडुजी काढतो. कायद्यापेक्षा खाटा वाढविणे अधिक उपयोगाचे. महाराष्ट्रास हे कोणी शिकविण्याची गरज नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये जे छात्रालय काढले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. जनगणनेच्या व्याख्येतले ते भले मोठे कुटुंबच होते. त्या काळी ते अनेकांस विपरीत वाटले. आज त्या कुटुंबातून निघालेल्या पिढ्यांनी निम्मा पश्चिम महाराष्ट्र चालविला आहे. शंभर वर्षांनंतर आपण त्या मार्गावर किती पुढे आलो? वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली, ही गोष्ट स्वागतार्ह. योजना आखताना पुण्यामुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाचे साठ हजार धरले गेले, त्यांत निवासाचे वीस हजार. बारांनी भागले तर महिन्यास सोळाशे सहासष्ट रुपये. या रकमेत पुण्याच्या पेठेत खोली मिळते का, हे पेठेत जाऊन विचारावे. शिवाय रक्कम हाती आली तरी ती स्वीकारणारा मालक लागतोच. रोख रकमेने टंचाई मिटते, नकार मिटत नाही. सरकारी असो वा संस्थेची, इमारतच हवी.

तोवर एक छोटा उपाय आम्ही काही प्राध्यापकांनी चालविला आहे. मालकास हवी असते ती कोणाची तरी जबाबदारी. पूर्वी ती लग्नाने मिळे, नात्याने मिळे, जातीने मिळे. ती आपण महाविद्यालयाच्या कागदाने देऊन पाहावी, असे ठरविले. पुण्यास किंवा लातुरास जाणाऱ्या मुलांना आम्ही हमीपत्र देतो: हा विद्यार्थी, ही विद्यार्थिनी आमची, भाडे थकल्यास दोन महिन्यांपर्यंत आम्ही पाहू, तक्रार असल्यास या क्रमांकावर कळवावे. खाली सही, शिक्का. पत्रात नाव आणि हजेरीक्रमांक असतो, आणि आम्ही मुद्दाम आडनाव आद्याक्षराने लिहितो. आजवर भाडे थकल्याचा एकही दूरध्वनी आलेला नाही. दूरध्वनी येतात ते वेगळ्या कामासाठी.

गेल्या जूनमध्ये असाच एक आला. बोलणारे गृहस्थ अत्यंत सभ्य होते. पत्र मिळाले, मुलगी गुणी दिसते, हमी दिलीत हे फार चांगले, वगैरे झाले. मग थोडे थांबून ते म्हणाले, “बाकी सर्व ठीक आहे सर, पण मंडळी कोण आहेत?” मी म्हणालो, “अर्थशास्त्राची आहेत, पहिल्या वर्गात उत्तीर्ण.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. विचार करून कळवितो म्हणाले. दोन दिवसांनी मुलीचाच फोन आला. किल्ली मिळाली होती, आणि डबा कोठून लावावा हे ती विचारीत होती.